पद्मिनीनं हातात घेतलेली बस

आमच्या हिच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी ते निघत नाही. ही म्हणजे पद्मिनी, माझी बायको. वय छप्पन्न, माहेर नागपूरचं.

अमेरिकेतच हर्नडन गावातली आधीची नोकरी गेल्यावर मी कोलोराडोत आलो, सिल्व्हर गल्चच्या हॉटेलांचं बुकिंगचं सॉफ्टवेअर सांभाळायला. डोंगरावरचं हे खाणकामगारांचं गाव आता स्की रिसॉर्ट झालंय. घरं सगळी पाहुण्यांची. खोल्या आवरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायका आमच्यासारख्याच खाली दरीत राहतात. पद्मिनीही वर एका किचनमध्ये भाज्या चिरायची. वर जायला सकाळची एकच बस. त्या बसचा ड्रायव्हर नोकरी सोडून चालला. नवा मिळाला नाही तर डिसेंबरपासून बस कॅन्सल, अशी नोटीस लागली. म्हणजे या बायकांचं कामही गेलंच.

"मी चालवते," ही म्हणाली.

"अगं, तुला कार धड पार्क करता येत नाही! नसती उठाठेव कशाला?"

दोन महिन्यांत बाईनं बसचं लायसन्स काढलं!

पहिल्या दिवशी डेपोत तिनं बसच्या पायरीवर नारळ फोडला. नवी गाडी हातात घेतली की आपण फोडतोच. पण थंडी शून्याखाली वीस! पाणी तिथंच गोठलं आणि किल्ली द्यायला आलेला सुपरवायझर डग त्यावरून घसरून सपशेल आडवा झाला. मनगट मोडलं. त्यानं बसच बंद केली.

"झालं समाधान?" मी ओरडलो. बोललो ते चुकलंच माझं.

दुसऱ्या दिवशी ती मलाही ओढत नेऊन डगसमोर उभी राहिली. "चूक माझी. सॉरी. पण शिक्षा त्या कामाला जाणाऱ्या बायकांना का? शेजारी बसा, माझं ड्रायव्हिंग बघा."

डग बसला. मागे मी, जीव मुठीत धरून. घाटात बर्फावर चाकं सरकली. "अगं आई गं!" मी किंचाळलो. तिनं गाडी सावरली, वर नेली, परत खाली आणली.

"पुढच्या आठवड्यात कळवतो," डग म्हणाला.

"त्यांची ड्यूटी आज आहे." तिनं दार उघडलं. डेपोच्या फाटकाशी कुडकुडणाऱ्या बायका भराभर चढल्या. डग बघत राहिला, मग खाली उतरून वॉकीटॉकीवर म्हणाला, "बस निघतेय."

एक बाई पायरीवरच अडकली. जागा नव्हती. आरशातून पद्मिनी माझ्याकडे बघत होती.

"अहो, तुम्ही उतरा. तुम्हाला घरून काम करता येतं."

मी मुकाट्यानं उतरलो.