पातळ रक्त घेऊन नागपुरात

अड्याळच्या स्टँडवर बस लागली तेव्हा माझ्या तोंडात रक्त होतं. हिरड्यांमधून झिरपत आलेलं, कोमट, लोखंडासारख्या चवीचं. थुंकावं तर सासरची माणसं पोहोचवायला उभी, माहेराहून, मोहाडीहून, माय आणि बाबाही आलेले. मी ते गिळलं आणि सगळ्यांच्या पाया पडले. गाव सोडताना माणसाला रडू येतं म्हणतात, मला मळमळत होतं. माय खिडकीपाशी येऊन म्हणाली, "सुशे, बरी झाली का वापस येजो." मी नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर तिला लाल दात दिसले असते.

तुम्ही जे तिकडं राहिलात, आणि तुम्हीही जे माझ्यासारखे कधीतरी त्याच स्टँडवरून निघालात, तुम्हाला मी हे कधी नीट सांगितलं नाही. विचारलं की "तब्येतीमुळं" म्हणायची आणि विषय बदलायची. आता नीट सांगते.

लहानपणी मला सांधे सुजून ताप यायचा. त्या तापानं हृदयाची एक झडप खराब केली. लग्नानंतर धानाच्या रोवण्यात वाकले की दम लागायचा, आणि पुढं पुढं तर बसल्याजागी लागायला लागला. शेवटी मुंबईला नेऊन छाती उघडली आणि धातूची झडप बसवली. तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी, रोज, मरेपर्यंत. गोळी जास्त झाली तर रक्त वाहतं, कमी झाली तर गोठतं. म्हणून सारखी तपासणी. सत्तरच्या दशकाच्या त्या शेवटच्या वर्षांत ती तपासणी आमच्या भंडाऱ्याला होत नव्हती, नागपूरला व्हायची. लोक पोटासाठी गाव सोडतात, मुलांच्या शाळेसाठी सोडतात. मी एका सुईसाठी सोडलं.

माझा नवरा मनोहर तलावाखालची धानाची जमीन भावाच्या हवाली करून सोबत आला. "तू एकटी कायची राहतेस तिकडं," एवढंच बोलला. इतवारीत धान्याच्या एका ठोक दुकानात तो कामाला लागला आणि मागच्या गल्लीत आम्हाला एक खोली मिळाली.

त्या खोलीत मी माझ्याच शरीराची किळस करायला शिकले. सकाळी उठले की उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग. दात घासले की मोरीत गुलाबी फेस. दाराची कडी जरा जोरात लागली की दंडावर डाग उठायचा. आधी लाल, मग जांभळा, मग सडक्या वांग्यासारखा काळा, आणि जाता जाता हळदीसारखा पिवळा. महिन्याच्या पाळीबद्दल तर काय सांगू. कपडे धुताना मी श्वास रोखून धरायची, आणि गल्लीतल्या बायका नळावरून बाजूला सरकायच्या. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की मूल होऊ देऊ नका, या गोळीनं पोटातलं बाळ बिघडतं. पोटातलं बाळ बिघडवणारी गोष्ट मी रोज जेवणानंतर पाण्याबरोबर गिळत होते.

दुकानाच्या गोदामात उंदरांसाठी औषध टाकत. एकदा मनोहर त्याचा डबा घरी घेऊन आला आणि त्यावरचं नाव माझ्या गोळीच्या पाकिटाशेजारी धरलं. डब्यातलं औषध आणि माझी गोळी एकाच जातीची होती. पुढच्या वेळी मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हो, पण मात्रेचा फरक आहे." मी गोदामातले मेलेले उंदीर पाहिले होते. नाकातोंडाशी रक्त सुकलेलं, पोट फुगलेलं. त्या दिवसापासून गोळी जिभेवर ठेवली की घशात उमासा यायचा. तरी गिळायची. मात्रेचा फरक.

दुसऱ्या वर्षी धान कापून झाल्यावर आम्ही मोहाडीला गेलो. मी लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं, पण भांडी घासताना बाह्या वर सारल्या आणि मायनं पाहिलं. तिनं बाबांना सांगितलं. बाबांनी मला ओसरीत बोलावलं. मनोहर तिथंच चहा पीत बसला होता. त्याच्याकडं न पाहता बाबा म्हणाले, "तो मारते का तुले?"

"नाही, बाबा. गोळीनं होते."

"गोळीनं का असे वळ उठतेत? खोटं काहून बोलतेस?"

मनोहरनं कप खाली ठेवला. "मामाजी, मी हात नाही लावला तिले कधी," तो म्हणाला. बाबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. शेजारचे दोघं कुंपणाशी येऊन उभे राहिले होते. मनोहर मान खाली घालून बसला. माझ्यासाठी जमीन सोडून आलेला माणूस माझ्या बापाच्या ओसरीत चोरासारखा बसलेला मला पाहवेना. मी आत जाऊन लाटणं आणलं आणि सगळ्यांसमोर, डागाचा लवलेशही नव्हता अशा जागी, माझ्याच हातावर मारलं. पोळी लाटताना टेकवावं त्याहून थोडं जोरात.

"आता संध्याकाळपर्यंत इथंच बसा," मी म्हटलं. "आणि पाहा."

बाबा खरंच बसले. शेजारीही घुटमळत राहिले. दुपारी लाल पट्टा आला, तो पसरला, आणि दिवे लावायच्या वेळेला मनगटापासून कोपरापर्यंत सगळं निळंजांभळं झालं. मी हात बाबांच्या पुढं धरला. त्यांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. पश्चात्तापानं फिरवलं असतं तर मी समजू शकले असते. त्यांच्या ओठांचे कोपरे खाली वळले होते, शिळ्या अन्नाला वास आल्यावर वळतात तसे. त्यांनी मनोहरच्या खांद्यावर हात ठेवला, "जावई, चुकलो," म्हणाले, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

मायला मात्र वाटलं की पोरीच्या अंगात जीव नाही म्हणून असं होतं. राहिलेले सगळे दिवस तिनं मला भाजी खाऊ घातली. धानाच्या बांधीतून खुडून आणलेली लाखोरीची कोवळी भाजी, पाथरीचा पाला, वर मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर. डॉक्टरांनी हिरव्या पालेभाज्यांना मनाई केली होती, त्या गोळीचा जोर मोडतात म्हणून. मी मायला सांगितलं. ती म्हणाली, "भाजीनं का कोनी मरते?" आणि दुसऱ्यांदा वाढलं. नागपुरात त्या चवीची भाजी मिळत नव्हती, आणि तिच्या हातचं नको म्हणणं मला जमलं नाही. मी पोटभर खाल्लं.

नागपूरला परतल्यावर आठवडाही झाला नाही तोच पाण्याचा गिलास माझ्या हातातून सुटला. उचलायला वाकले तर हात ऐकेना. मनोहरला हाक मारली तर तोंडातून भलताच आवाज आला आणि लाळ गळाली. रक्ताची बारीक गाठ मेंदूत गेली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" मला बोलता येत नव्हतं. मनोहर म्हणाला, "माहेरचं."

वाचा परत आली, हातही आला. उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत.

मायला हे कळलं तेव्हा तिनं निरोप पाठवला नाही, भेटायलाही आली नाही. मी माहेरी गेले की माझं ताट वेगळं व्हायचं: वरण, भात, कोहळ्याची फोड. ते ती दुरून सरकवायची. भावाची लहान मुलगी जवळ आली की वहिनी तिला ओढून न्यायची. एकदा त्या पोरीनंच मला विचारलं, "आत्या, तू फुटतेस का?" मला त्या घराचा वीट आला. त्यांचा, माझा, त्या कोहळ्याचा. मी जाणं कमी केलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती तपासणी भंडाऱ्यालाही व्हायला लागली. माझा भाऊ आनंदानं सांगायला आला. "आता कायले राहता नागपुरात? चला वापस." मनोहर माझ्याकडं पाहत राहिला. त्याला त्याचं शेत हवं होतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, तुम्ही जा, मी येत नाही. तो गेला नाही. इतवारीच्या गल्लीत माझ्या डागांकडं आता कोणी दोनदा पाहत नव्हतं.

बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात माय एकटी नागपूरला आली. का आली ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत दात घासत होते, आणि त्या दिवशी हिरड्या थांबेचनात. मागं चाहूल लागली म्हणून वळले. माय उभी होती. नाकाला पदर, कपाळाला आठ्या. तिला किळस आली होती, आणि लपवायचा प्रयत्नही तिनं केला नाही. मला वाटलं आता जाईल. ती खाली बसली, बादलीतून लोटा भरून घेतला आणि माझ्या थुंकीवर पाणी ओतलं.

"थुक," ती म्हणाली. "मी टाकतो पानी."

मी थुंकत राहिले, ती ओतत राहिली. लाल पाणी गुलाबी झालं, मग पांढरं. पदर तिनं नाकावरून शेवटपर्यंत काढला नाही, आणि ती उठलीही नाही. तुम्ही विचारता, तुझं घर कुठलं, अड्याळ का मोहाडी का नागपूर. मला ती मोरी आठवते. घर म्हणून मला तेवढंच पुरतं.