आतून लागलेला अंगठा

रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॉड्या मी हौसेनं रंगवतो. बॉडी काचेसारख्या पारदर्शक, पातळ प्लास्टिकची असते. रंग आतून द्यायचा, म्हणजे गाडी आपटली तरी तो खरवडत नाही. त्यामुळे क्रम उलटा. वर दिसायला हवं ते आधी: काळ्या रेषा, मग लाल, शेवटी मागून पांढरा. आधीची चूक नंतर झाकता येत नाही.

हे मी भाच्याला शिकवलं होतं. तो लातूरला मेडिकलच्या क्लाससाठी राहायचा. सुटी लागली की आधी दोन दिवस नांदेडला माझ्याकडे, मग देवणीला घरी. दिवाळीत त्यानं एका बॉडीच्या खिडक्यांवर रंग लागू नये म्हणून आतून चिकटपट्ट्या लावल्या, काळ्या रेषा मारल्या. लाल रंग परीक्षेनंतर, असं आमचं ठरलं.

फेब्रुवारीत तो तापानं गेला. सराव परीक्षा चालू होत्या. कळवलं तर आई येऊन घरी नेईल आणि पेपर बुडतील, म्हणून त्यानं ताप अंगावर काढला. खोलीतल्या मुलांनी फोन केला तेव्हा तो शुद्धीवर नव्हता.

महिन्याभरानं त्याची आई, माझी बहीण, आली. गाडी पुरी करून दे, मला घरात ठेवायची आहे, म्हणाली. मी कारण विचारलं नाही. भूकंपात आमचं दगडामातीचं घर बसलं, त्यात आई गेली, तेव्हा बहीण शाळकरी होती. आईचा फोटो नव्हता. ढिगाऱ्यातून तिची म्हणावी अशी एकही वस्तू निघाली नाही.

मी खोक्यातून बॉडी काढून उजेडात धरली. रेषा सरळ होत्या. छपराच्या आतल्या बाजूला एक धुरकट डाग होता.

"दादा, हे काय हाय?"

"अंगठा लागलाय त्याचा. हाताचं तेल राहिलं की रंग धरत न्हाई. साबणानं धुतो."

तिनं माझं मनगट धरलं. "धू नको."

न धुता लाल मारला तर काय होईल, तिनं विचारलं. मी खरं तेच सांगितलं. रंगातल्या थिनरनं ठसा विरघळेल. नाही विरघळला तर तिथला रंग पुढं पापुद्र्यासारखा सुटेल. दोन्हीकडून ठसा जाणारच.

तिची नजर डब्यावर गेली. लाल रंगाचा डबा मी आधीच हलवून ठेवला होता.

"मला म्हणायचा, समदे डॉक्टर पांढऱ्या गाडीत फिरतेत, आपली लाल राहील. मी म्हणलं, आधी डॉक्टर तर हो." ती थोडी हसली, मग तोंडाला पदर लावला.

मला विचारलं असतं तर मी लाल मारू म्हणालो असतो. त्याचं तेवढंच मागणं राहिलं होतं. पण तिनं मला विचारलं नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "न्हाई मारू देत मी लाल."

मी पट्ट्याही काढल्या नाहीत. कडेनं धरायचं, आत बोट घालायचं नाही, कापडानं पुसायचं नाही, एवढं सांगितलं. तिनं ते दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग दोन्ही तळव्यांत कडा धरून बॉडी खोक्यात ठेवली आणि देवणीपर्यंत खोकं मांडीवर घेऊन गेली.