बिनविरोध

"अरे, वाळवंट नंतर सोडव. आधी मागच्या रांगेतल्या खुर्च्या लाव."

डॉक्टरकाका माईकवरून बोलले. इंग्लंडातलं मिल्टन कीन्स, कौन्सिलचा हॉल. मराठी मंडळाची दिवाळी. सगळे नटूनथटून आलेले. हॉल हसला. मी दाराजवळ, माझ्याबरोबर आलेल्या सलकाच्या शेजारी उभा होतो, हातात सहारासाठीच्या सह्यांचा पॅड. मीही हसलो. सवयीने.

हशा मिळाला की काका थांबत नसत. "आणि ह्या पाहुण्या बाई. देश कुठला म्हणून विचारू नका हं. त्यांचा देश अजून नकाशात सापडायचाय."

पुन्हा हशा.

सलकाला मराठी येत नव्हतं. तिने मला इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाले ते?"

"थांब, सांगतो," म्हणालो आणि खुर्च्या लावायला गेलो.

मी असाच होतो. आभार मानणारा. परभणीकडचं तालुक्याचं गाव, गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. बा लग्नांच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायचा. उजेड नवरदेवावर. बत्तीखालचं बाचं तोंड कुणाला दिसायचं नाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर मांडवाच्या मागे बसायचं. उरलं तर जेवायचं. मी झेडपीच्या शाळेत शिकलो, वसतिगृहात राहिलो, स्कॉलरशिपवर इंजिनिअर झालो. घराण्यातला पहिला पदवीधर. गुरुजींचे आभार. स्कॉलरशिपचा कागद पुढे सरकवणाऱ्या क्लार्कचे आभार. पुण्यातल्या कंपनीचे आभार, तिने इंग्लंडला पाठवलं म्हणून. इथे लोक बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. ते पाहून मला वाटलं, हा देश आपल्याच स्वभावाचा.

हीथ्रोवर मला घ्यायला डॉक्टरकाका आले होते. तीस वर्षं इथे राहिलेले, मोठ्या हॉस्पिटलात मोठे डॉक्टर, मंडळाचे अध्यक्ष. भाड्याची खोली मिळेपर्यंत त्यांच्याच घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी वरण वाढताना काकूंनी आडनाव विचारलं. सांगितलं.

"म्हणजे मराठवाड्यातले?"

"हो."

"तसं नव्हे रे. म्हणजे नेमके कोण तुम्ही?"

तेही सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं? काकूंनी डाव वरणात परत ठेवला. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "आपलं ताट आपण धुवायची सवय चांगली असते." त्या दिवशी जेवायला पुण्याचा आणखी एक नवा मुलगा होता. त्याचं ताट डिशवॉशरमध्ये गेलं.

मी ताट धुतलं आणि थँक्यू म्हणालो.

मग मंडळाचे कार्यक्रम. नवी मुलं नाटकात, गाण्यात, सूत्रसंचालनात. मी खुर्च्यांवर. कार्यक्रम संपला की कचऱ्याच्या बिन बॅग्ज. दरवर्षी दिवाळीच्या जेवणानंतर सभा व्हायची. काका नवी कार्यकारिणी वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "बिनविरोध! टाळ्या!" मंडळात मतदान कधी झालंच नव्हतं. तोच त्यांचा अभिमान होता. यादीच्या तळाशी माझं नाव असायचं, "सेवा विभाग". मला कुणी विचारलेलं नसायचं. माझं नाव वाचलं गेलं याचाच मला आनंद. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही असायचो.

सलका मला केंब्रिजला भेटली. ऑफिसच्या कामाला गेलो होतो, शनिवार मोकळा होता. बाजाराच्या चौकात एक घडीचं टेबल, त्यावर पत्रकं, मागे लांब निळ्या कपड्यात गुंडाळलेली ही बाई. शिकलेली नर्स, पण इथे केअर होममध्ये म्हाताऱ्यांना अंघोळ घालायचं काम करायची. तिचा जन्म अल्जीरियातल्या निर्वासितांच्या छावणीतला. आईचं घर समुद्राकाठी, पश्चिम सहारात. तिथे आता मोरोक्कोचं सैन्य. मधे वाळूची लांबच लांब भिंत, भिंतीपाशी सुरुंग.

"युद्ध थांबलं तेव्हा मतदान घेऊ म्हणाले होते," ती म्हणाली. "स्वतंत्र व्हायचंय की मोरोक्कोत राहायचंय, ते आम्हीच सांगायचं. तेव्हा मी लहान होते. अजून घेतलं नाही."

मी विचारलं, "मतदानात हरलात तर?"

तिने पेन माझ्यापुढे सरकवलं. "आधी विचारू तर दे. उत्तर काय येईल ते नंतर."

मी सही केली. पुढच्या शनिवारी टेबल धरायला गेलो. मग जातच राहिलो. पावसात उभं राहायचं. येणारेजाणारे विचारायचे, "सहारा? म्हणजे उंटांचं?" मी माझ्या खासदाराला पत्रं लिहिली. माझा खासदार! भारतीय माणूस कॉमनवेल्थचा म्हणून त्याला इथे मत देता येतं. आल्यावर वर्षाच्या आत मी इथल्या निवडणुकीत मत दिलं होतं. हे सलकाला सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली. मग हसू गेलं.

"तू काल आलास. आणि तुला विचारलं?"

तिला दिवाळीला मीच बोलावलं. मला वाटलं, आपली माणसं. पंधरा ऑगस्टला ह्याच हॉलमध्ये झेंडा लावणारी, भाषणं करणारी. त्यांना स्वातंत्र्याचं सांगावं लागणार नाही. काकांकडे लॉबीत टेबल लावायची परवानगी मागितली. "लाव रे. बट नो स्पीचेस," म्हणाले. मी केवढे आभार मानले त्यांचे.

खुर्च्या लावून परत आलो तर टेबलावरची पत्रकं निम्मी झाली होती. जीव सुखावला. मग दिसलं. लोक त्यावर चकल्या घेऊन खात होते. पेपर प्लेट्स संपल्या होत्या. तेलाने कागद आरपार झालेला, त्यातून छावणीतल्या पोरांचे चेहरे दिसत होते. सलकाच्या हातात काळी बिन बॅग होती.

"ही कुणी दिली?"

"पिवळ्या साडीतल्या बाईंनी. म्हणाल्या, त्या बाजूने सुरुवात कर."

पिवळ्या साडीत काकू होत्या.

मी ती बॅग तिच्या हातातून घेतली. आणि मघाचं सगळं सांगितलं. वाळवंट, खुर्च्या, नकाशा. शब्द न् शब्द, इंग्रजीत. सांगताना माझ्याच कानांना पहिल्यांदा ऐकू आलं, ते मला कसे बोलत होते.

सलका रडली नाही. तिने विचारलं, "खुर्च्यांचं काम तू मागून घेतलंस का?"

"नाही."

"मग?"

मी बॅग टेबलाखाली टाकली आणि हॉलमध्ये शिरलो.

आत सभा सुरू झाली होती. काका यादी वाचत होते. अध्यक्ष तेच. सेक्रेटरी नितीन, हा ऑफिसात माझा मॅनेजर. तळाशी माझं नाव. "सेवा विभाग! बिनविरोध! टाळ्या!"

"विरोध आहे," मी म्हणालो.

माईक नव्हता. तरी ऐकू गेलं.

"काय रे?"

"मला कुणी विचारलेलं नाही. माझं नाव काढा. आणि मतदान घ्या. सगळ्याच पदांचं."

काका हसले. "अरे राजा, हे आपलं कुटुंब आहे. कुटुंबात कुणी मतदान घेतं का?"

"कुटुंबात सगळ्यांची ताटं सारखी धुतात, काका."

काकू उठल्या. "एअरपोर्टवरून कोणी आणलं तुला? कोणाच्या घरी जेवलास? लाज नाही वाटत?" पाठीमागून एक आवाज आला, बेताचा, पण मला ऐकू येईल असा. "यांना स्कॉलरशिपा देऊन देऊन हे झालंय." कुणीही मागे वळून पाहिलं नाही.

"घेऊ या की," काका म्हणाले. आता ते हसत नव्हते. "मतदान हवं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

मी हात वर केला. सगळा हॉल बघितला. ज्यांची सामानं मी तिसऱ्या मजल्यावर चढवली होती ते मोबाइल बघत होते. दाराजवळ एक निळी बाही वर गेली.

"मॅडम, यू आर अ गेस्ट," काका म्हणाले. "हात खाली."

सलकाने खाली घेतला नाही.

"एक मत," काका म्हणाले. "प्रस्ताव फेटाळला. जा आता, खुर्च्या आवर."

मी टेबल घडी केलं. तेलकट पत्रकं गोळा केली. एकही टाकलं नाही. खुर्च्या होत्या तशाच राहू दिल्या. बाहेर पडताना मागे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. कोण सरकवत होतं, पाहिलं नाही.

सोमवारी नितीनने केबिनमध्ये बोलावलं. "तू व्हिसावर आहेस. हे राजकारण कशाला करतोस? काकांना सॉरी म्हण, विषय संपव." मी नाही म्हणालो. ख्रिसमसच्या आत प्रोजेक्टवरून माझं नाव निघालं. कारण दिलं, बजेट. पुण्याचं तिकीट हातात दिलं.

बाला फोन केला. तो म्हणाला, "मोठ्या मानसांशी कामून भांडलास रे? त्यायनं तुला घरात घेतलं व्हतं."

मी विचारलं, "बा, वरातीत बत्ती कधी खाली ठेवावीशी नाही वाटली?"

तो म्हणाला, "वाटायची. पण पेटलेली असायची ना. ठेवायची कुठं?"

दोन वर्षांनी मी परत आलो. दुसरी कंपनी, कॉव्हेंट्री. या वेळी हीथ्रोवर कुणी घ्यायला आलं नाही. बसने आलो. मंडळात नाही गेलो. काकांनी निरोप पाठवला होता, "झालं गेलं विसरू. ये, तुला कमिटीत घेतो." उत्तर पाठवलं, "घेऊ नका. निवडणूक लावा, मी उभा राहतो."

निवडणूक लागली नाही.

सलकाच्या लोकांचीही नाही. तिची आई छावणीतच वारली, समुद्र न बघता. ती बातमी आली त्या शनिवारीसुद्धा आम्ही टेबल लावलं. एक सूटवाला थांबला आणि म्हणाला, "या सह्यांनी काही होत नाही." मी पेन त्याच्यापुढे धरलं. त्याने सही केली नाही. त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या बाईपुढे धरलं.

मी आता इथला आभारी पोरगा नाही. मला कुणी कुठे घेऊ नये. मला विचारावं. तिला विचारावं. तोवर हा हात खाली येणार नाही.