आक्काचा उपडा कप

आमच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या खोलीत फोन नेत नाहीत. तो बाहेर, चपलांच्या वरच्या फळीवर ठेवायचा. हा नियम काही वर्षांपूर्वी मीच घातला आणि तो मोडणाऱ्यांवर मीच सगळ्यात जास्त डाफरतो. त्या सकाळी मी तासभर आत होतो. बाहेर आलो, हातमोजे काढले, तर प्राचीचे अकरा फोन येऊन गेलेले. प्राची माझी भाची, आक्काची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन पनवेलला असते. मी फोन लावला तेव्हा ती रडत नव्हती. "मामा, आई वाडीत पडली. दवाखान्यात नेईपर्यंत..." एवढंच बोलली आणि मग तिच्या नवऱ्याने फोन हातात घेतला. आक्का नेहमीसारखी सकाळी दिवेआगरच्या वाडीत सुपारीला पाणी सोडायला गेली होती. भावोजी विहिरीवर पंपापाशी होते. पाणी शेवटच्या झाडांपर्यंत का पोचत नाही म्हणून ते बघायला गेले, तर आक्का पाटात आडवी झालेली आणि पाणी तिला अडून दोन्ही अंगांनी वाहत होतं. चोपन्न वर्षांची होती.

मी आत काय बघत होतो, तेही सांगून टाकतो. माणसाच्या रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, एकाच थराच्या पेशींचं. त्या अस्तराला दुखवलं की ते गप्प बसत नाही, आसपासच्या पेशींना निरोप धाडतं. निरोप मिळाला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहता वाहता थबकतात, भिंतीला चिकटतात, आत शिरतात आणि तिथे साठलेली चरबी खात सुटतात. खाऊन खाऊन इतक्या फुगतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पोटात नुसता फेस भरल्यासारखा दिसतो. मग त्या तिथेच अडकून पडतात, भिंत आतल्या आत सुजत राहते, आणि एक दिवस फुटते. हे मी वीस वर्षं शिकवतो आहे. त्या फेसाळ पेशी कधी कधी हृदयाच्या वाहिनीत न थांबता आणखी एका ठिकाणी, अगदी चारचौघांत, उघड्यावर साठतात... डोळ्याच्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, कातडीखाली. पिवळसर, मऊ, तांदळाच्या दाण्याएवढा डाग दिसतो. दुखत नाही, खाजत नाही. आक्काच्या दोन्ही पापण्यांवर तो होता.

आम्ही म्हसळ्याच्या आतल्या अंगाच्या एका गावचे. घरची भातशेती, आई लवकर गेलेली. आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि माझं सगळं तिनेच केलं. मळणीच्या दिवसांत खळ्यावर तूस उडायचं आणि ते हमखास माझ्याच डोळ्यांत जायचं. मी बोंबलत सुटायचो. आक्का मला पकडून दोन गुडघ्यांत आवळून धरायची, वरची पापणी काडीवर उलटी करायची आणि ओढणीच्या टोकाने, एकदा फुंकर घालून, तो कण नेमका उचलायची. "रडू नको, बाबू. मला दिसलाय," म्हणायची. माझ्या पापणीखालचं कुसळ तिला एका नजरेत दिसायचं. मी पुढे महागातली भिंगं वापरायला शिकलो, परदेशात जाऊन आलो, आणि तिच्या पापणीवरचं मला जन्मात नीट दिसलं नाही.

खरं तर दिसत होतं. दर भाऊबीजेला मी पाटावर बसायचो आणि ती निरांजन घेऊन माझ्यासमोर वाकायची. अंगठी आणि वाडीतलीच सुपारी हातात धरून ती ओवाळायची, तेव्हा निरांजनाचा उजेड नेमका तिच्या डोळ्यांवर यायचा. चाळिशीच्या आसपास ते डाग पहिल्यांदा दिसले असतील. तिच्या सासूबाईंनी तर ठरवूनच टाकलं होतं की लक्ष्मीने सुनेच्या डोळ्यांना हळदीचं बोट लावलंय, आणि वाडीला बरे दिवस आले ते त्यापासूनच. पुढे वादळात अर्धी वाडी भुईसपाट झाली, तरी त्यांनी आपलं मत बदललं नाही. मी हसायचो. आक्काला म्हणायचो, तुझ्या घरी सोनं डोळ्यांवर येतं, आमच्याकडे नुसते चष्मे. मला त्या डागाचं वैद्यकातलं नाव माहीत होतं, तो कशाने होतो ते माहीत होतं, परीक्षेत त्यावर प्रश्नही काढला होता. पण ते ज्ञान मी दिवेआगरला नेत नसे. तिथे मी नुसता बाबू होतो आणि मला तेच आवडायचं.

एकदा मात्र मी तिला माझं काम समजावून सांगितलं होतं. ती माडाच्या बुंध्याला कान लावून उभी होती. सोंड्या भुंग्याची अळी खोडात शिरली की बाहेरून झाड हिरवंगार दिसतं, पण कान लावला तर आत कुरतडल्याचा बारीक आवाज येतो. मी म्हणालो, मीही हेच करतो, फक्त माणसांच्या बाबतीत. तिने मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग तुला ऐकू येतो का रे आवाज?" मी म्हटलं, आवाज नाही, पण रक्तात त्याच्या खुणा सापडतात. ती म्हणाली, "मग बरं हाय. तू हायस तोवर आपल्याला भ्या न्हाय." हे वाक्य तेव्हा मला फार गोड वाटलं होतं.

प्राचीचं लग्न ठरलं तेव्हा साडी नेसवून मेकअप करणाऱ्या बाईने आक्काच्या पापण्यांकडे बोट दाखवलं. फोटोत हे पिवळं उठून दिसेल म्हणाली. आक्काला स्वतःला काही पडलेली नव्हती, पण प्राची हट्टाला पेटली आणि मी मोठेपणाने म्हणालो, मी नेतो. आम्ही दोघं दिघीहून फेरीबोटीने पलीकडे उतरलो आणि मुरूड-काशीदवरून अलिबागला कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अर्ध्या तासात दोन्ही डाग काढले. मग मला बाजूला न घेता, आक्काच्या देखतच म्हणाले, बऱ्याच जणांना याने काही होत नाही, पण काहींच्या रक्तवाहिन्यांत हेच चाललेलं असतं, तेव्हा रक्त तपासून घ्या आणि हृदयाचंही बघा. तसं त्यांनी कागदावर लिहून दिलं. शेजारच्याच गल्लीत रक्त घेत होते. आक्का तिकडे वळलीसुद्धा होती.

तिला मी थांबवलं. माझं नाक वर होतं ना. नुसती चरबी मोजून काय कळणार, मला भिंत आतून सुजल्याच्या, त्या दाहाच्या खुणा बघायच्या होत्या, ज्या साध्या तपासणीत कळत नाहीत. शिवाय इतरांनी घेतलेला नमुना मला कधीच पटत नाही. कागद खिशात घालून मी म्हणालो, तू इथे कुठे देऊ नकोस, मी स्वतः काढीन आणि आमच्याकडे नेऊन सगळं नीट करीन. परत येताना आम्ही काशीदला थांबलो. पापण्यांना मलम लावलेलं, ऊन लागू नये म्हणून माझा काळा गॉगल घातलेला, आणि आक्का सुरूच्या सावलीत बसून कांदाभजी खात होती. शेजारून चाललेल्या पर्यटकांकडे ती अशी बघत होती, की जणू किनारा तिच्याच मालकीचा. तिने विचारलं, "रक्त कधी काढशील?" मी म्हणालो, पुढच्या वेळी येईन तेव्हा. आदल्या रात्रीपासून पोटात काही नको, चहाचा घोटसुद्धा नको, सकाळी उठल्या उठल्या काढू. तिने मान डोलावली आणि शेवटची भजी माझ्यापुढे सरकवली.

लग्न झालं. फोटो छान आले. तो कागद लग्नातल्या जाकिटाच्या खिशात राहिला की धुण्यात गेला, मला आजही माहीत नाही. आणि मुख्य म्हणजे डागच गेले होते, त्यामुळे आठवण करून देणारंही काही उरलं नाही. त्या वर्षी भाऊबीजेला निरांजनाच्या उजेडात तिच्या पापण्या स्वच्छ दिसल्या आणि मी मनात म्हटलं, चला, हे एक काम झालं. सकाळी मी ओट्याशी चहा पीत होतो, शेजारी तिचा निळ्या काठाचा कप बशीत उपडा ठेवलेला होता. हे तिचं जुनंच, ज्या दिवशी चहा नको त्या दिवशी कप उपडा, म्हणजे कुणी ओतत नाही. बहीण ओवाळेपर्यंत काही खात नाही, त्यामुळे मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. शिमग्याला गेलो तेव्हाही कप उपडाच होता. होळीचा उपास असेल. गणपतीत गेलो, तेव्हा हरतालिका. आपल्या बायकांच्या उपासांना कॅलेंडरात कधी तोटा नसतो आणि आपण पुरुषांनी ते विचारायचे नसतात, अशीच माझी समजूत. आक्का माझ्या कपात चहा ओतायची, समोर उभी राहायची आणि मी काही बोलेन म्हणून बघत राहायची. मी समुद्रावर फिरायला जायचो. परत यायचो तेव्हा तिने पोहे केलेले असायचे, आणि तीही खात असायची.

शेवटची भेट गेल्या भाऊबीजेची. पाटावर बसलो, ती वाकली, आणि डाव्या पापणीच्या कोपऱ्यात मला पुन्हा पिवळं दिसलं, अगदी फिकट. मला दिसलं. हे मी आता कुणापासून लपवणार नाही. तिलाही कळलं की मला दिसलंय, कारण तिचा ओवाळणारा हात क्षणभर थांबला. त्या दिवसांत तिचा डावा खांदा आणि जबडा दुखायचा, नारळ खवून खवून होतंय म्हणायची. मी म्हणालो, "आक्का, ते परत आलंय. लग्नबिग्न आता कुणाचं नाही, असू दे." ती हसली. "असू दे म्हणतोस ना, मग असू दे," म्हणाली, आणि ओवाळून झाल्यावर तिने माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या. दुपारच्या गाडीने मी निघालो.

आक्काचं दिवसकार्य झाल्यावर पाहुणे पांगले. मी, भावोजी आणि प्राची उरलो. सकाळी प्राचीने चहा ठेवला. आक्काचा कप खिडकीच्या कट्ट्यावर तसाच उपडा होता. तिने तो उचलला, पुसला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मामा, आईच्या रक्ताचा रिपोर्ट काय आला होता रे?" मला कळेचना. ती म्हणाली, "अरे, तू यायचास त्या दिवशी ती चहा घ्यायची नाही. आदल्या रात्री जेवायचीसुद्धा नाही. बाबू उद्या रक्त काढणार हाय, असं मला फोनवर म्हणायची. दोन वर्षं तू काढतोयस ना?" पाठीमागून भावोजी म्हणाले, "मी तिला दोनदा बोललो, श्रीवर्धनला देऊन येव. ती म्हणाली, न्हाय, बाबूनं सांगितलंय कुठं देव नको. त्याला येळ न्हाय झाला, पुढल्या येळी काढील."

मी "बघतो" म्हणालो. हो, त्या पोरीच्या तोंडावर मी "बघतो" म्हणालो आणि वाडीत निघून गेलो. शेवटच्या पाटापाशी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. हा लेख लिहायला मी घेतला तो आक्काचे गुण सांगायला, पण खरं कारण ते नाही. कारण हे की प्राची रविवारची पुरवणी वाचते आणि तिच्यासमोर उभं राहून बोलायची माझी छाती नाही. प्राची, रिपोर्ट आला नाही. रक्त काढलंच नव्हतं. एकदाही नाही. मी ते वेळेवर काढलं असतं तर गोळ्या चालू झाल्या असत्या, आणि कदाचित... पुढचं मला लिहवत नाही. तू काय म्हणशील ते म्हण. मी माझ्या परीने रोज स्वतःला बोलून घेतो, त्याने काही होत नाही. प्रयोगशाळेत जातो, फोन फळीवर ठेवतो, भिंगाखाली त्या पेशी एकमेकींना निरोप देताना दिसतात आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटतं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच कळायला हवी होती, त्याला कुठलंही शिक्षण लागत नव्हतं. संकष्टीला आक्का दोनदोन कप चहा प्यायची. एकादशीलाही प्यायची, वर साबुदाण्याच्या खिचडीबरोबर तिसरा. आपल्या घरांत उपासाला चहा चालतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. देवाने तिला कधी चहा सोडायला सांगितला नव्हता. तो मी सांगितला होता, काशीदला, भजी खाता खाता.

निघताना प्राचीने मला तो निळ्या काठाचा कप वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, आईची आठवण म्हणून. तो आता माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर आहे. पहिल्या दिवशी मी तो सरळ ठेवून त्यात चहा ओतला, पण तोंडाला लावता आला नाही. चहा मोरीत ओतला, कप विसळला आणि बशीत उपडा ठेवला. तेव्हापासून तो तसाच आहे. रोज सकाळी मी माझा चहा घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो, आणि आक्का उपाशीपोटी थांबलेली असते.