सुईला कुठं ओरडायचं?

शिवणकामाच्या त्या कारखान्यात एक रीत होती. सुई टोचली आणि तोंडातून "आई गं" निघालं, की त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा ओरडणाऱ्याच्या खिशातून. कोटांची काजं हातानं करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. मावशींनी असा चहा पाजल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. सुई नखाखाली गेली तरी त्या बोट चोखायच्या आणि पुढचा टाका घालायच्या. भारी अभिमान होता त्यांना त्याचा. आता अभिमान कुठं मिरवावा आणि कुठं खुंटीला टांगून ठेवावा, हे काही कारखान्यात शिकवत नाहीत.

मावशींच्या उजव्या कोपरामागं गाठ आली. लहानशीच, पण टेबलावर हात टेकला की ठणकायची. ती काढायचं ठरलं. "पूर्ण भूल नको, नुसता हात बधिर करू," भूल देणारी डॉक्टर म्हणाली. तरुण होती, बोलायला गोड. बगलेत सुई घालण्याआधी तिनं पुन्हा पुन्हा बजावलं, "मावशी, हातात करंट गेल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं हं. मी तिथंच थांबेन."

मावशींनी मान हलवली. सुई आत गेली, आणि एकदम अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत अशी सणक गेली की त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"ठीक ना?"

"ठीक," मावशी म्हणाल्या. एवढ्याशा सुईला ओरडणार होत्या होय त्या!

गाठ गेली. बधिरपणा मात्र अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत तसाच राहिला. चिमटीत सुई आहे की नाही, हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागायचं. एका चिंधीवर त्यांनी काज करून पाहिलं, तर ते उंदरानं कुरतडल्यासारखं दिसलं. मालक भला माणूस. "घाई नाही," म्हणाला आणि बटणं निवडायला दिली. त्या दिवशी मावशींनी डबा न उघडताच परत नेला. काजं जमली नाहीत तर कारखान्यात आपण कशासाठी यायचं?

मुलगा तर पेटलाच होता. "त्या डॉक्टरणीला सोडणार नाही," म्हणत तो आईला घेऊन दवाखान्यात गेला.

डॉक्टरनं बोटं तपासली. तिचा चेहरा उतरला. "मावशी, सुई घातली तेव्हा करंट गेला होता का?"

"काही गेलं नव्हतं," मुलगा परस्पर म्हणाला.

"गेला होता," मावशी म्हणाल्या. "पार बोटांपर्यंत."

"मग बोलला का नाहीत हो?"

"सुईला कुठं ओरडायचं?"

मुलगा आईकडे बघतच राहिला. डॉक्टर रागावली नाही. "सोनोग्राफीच्या पडद्यावर नस दिसते, पण सगळंच दिसत नाही. म्हणून तर तुम्हाला जागं ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही ओरडला असतात तरी इजा टळलीच असती, असंही नाही. कधी औषधच नसेला बाधतं. बहुतेकांची नस सावकाश भरून येते. काही आठवडे लागतात, कधी महिने. तुमची येईलच, असा शब्द मात्र मी देणार नाही."

परतताना मावशींना स्वतःचीच इतकी चीड आली की रस्त्यातच रडू फुटलं.

मग वाट बघणं सुरू झालं. औषधं झाली, बोटांचे व्यायाम झाले. बटणं निवडून निवडून मावशी विटल्या. एकदा गरम झाकण उचललं तेव्हा बोट भाजलं, तेही सुनेनं फोड दाखवल्यावर कळलं.

आणि एका दुपारी भांडी पुसताना अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकाला मुंग्या आल्या. संध्याकाळपर्यंत तिथं आग व्हायला लागली. अंगठा अजून मुकाच होता, पण हे बोट चांगलंच पेटलं होतं. मावशी हात झटकत घरभर फिरायला लागल्या. सून घाबरून गोळी आणि पाणी घेऊन आली.

"थांब गं," मावशी म्हणाल्या. "नखानं दाब बघू इथं."

सुनेनं हलकेच दाबलं.

"जोरात दाब!"

"अहो आई, दुखेल ना!"

"दुखतंय," मावशी म्हणाल्या, आणि सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडल्या. "ती गोळी ठेव बाजूला. पुरतं दुखू दे मला."