साडूंच्या घरातला समुद्र

आमच्या साडूंइतकं पाणी चाखलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. उभी हयात त्यांनी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर काढली. कुणाच्या दारी गेले की पहिला घोट तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे, आणि पाणी विहिरीचं, बोअरचं की कालव्याचं ते सांगून मगच गिळायचे. एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी "हे टँकरचं हाय, आन् टँकर आधी दुधाचा व्हता" असं जाहीर केलं. ते यजमान अजून आमच्याशी धड बोलत नाहीत. निवृत्त झाल्यावरही बारामतीच्या घरात मोरीचा नळ गळाला तर ते "फाट्याला गळती लागली" म्हणायचे. आणि कुठलंही काम पुढं ढकलायचं झालं की त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं, "एवढं आवर्तन संपू द्या." आवर्तन म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी. ती संपेपर्यंत पुढची येऊन ठेपायची. अशानं घराचा रंग, स्वतःचा मोतीबिंदू आणि बायकोला समुद्र दाखवणं ही तीन कामं वर्षानुवर्षं तशीच राहिली होती.

ही बायको म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण, अक्का. काटेवाडीत जन्मल्या, बारामतीत नांदल्या; पाणी म्हणून जे काही पाहिलं ते विहिरीचं आणि पाटाचं. समुद्र एकदा बघायचा, एवढीच त्यांची हौस. ती त्यांनी कधी भांडून मागितली नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला फार वाटतं. एके सकाळी चहा गाळताना त्यांची डावी बाजू गेली. हृदयही थकलंय, आता लांबचा प्रवास नको, असं डॉक्टरांनी बजावलं आणि बाहेर आल्यावर आम्हाला "मनाची तयारी ठेवा" म्हणाले. साडूंनी तयारी सुरू केली ती भलतीच. ते म्हणाले, "ती जाऊ शकत न्हाय ना? मग समुद्र हितं आणू."

समुद्र म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांची मोठी काचेची टाकी. त्या दिवसापासून मी समुद्राचा तज्ज्ञ झालो. कारण एकदाच, ऑफिसच्या सहलीबरोबर मी अलिबागला जाऊन आलो होतो, आणि दोन्ही घरांत समुद्र पाहिलेला माणूस मी एकटाच. काच केवढी, वाळू कसली, लाट किती उंच, सगळं मला विचारून. पुण्याचा शोभेच्या माशांचा दुकानदार फोनवर काहीही सांगो, साडू शेवटी माझ्याकडं वळून म्हणायचे, "पाव्हणं, असंच असतंय का?" टाकीखालचा घोडा त्यांनी उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडून करून घेतला. तो इतका दणकट झाला की मागं हूक लावला असता तर थेट कारखान्यावर वजनाला नेता आला असता. अक्कांची खाट बरोबर समोर आली, आणि उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर टाकीकडं तोंड करून बसला. आम्ही पाहुणे घामाघूम. शेजारचे आबा रोज डोकावून जायचे. "भिगवणला एवढ्या पैशात पोतंभर चिलापी मासळी आली असती," असं ते एकदा म्हणाले, तेव्हा साडूंनी त्यांना चहा विचारला नाही.

पण चूक झाली ती साडूंच्या जिभेमुळंच. शेळगावला त्यांचं रान आहे. वर्षानुवर्षं ऊस आणि पाटाचं पाणी, त्यामुळं खालच्या अंगाची जमीन खारवट होऊन पांढरी पडलेली. तिथल्या बोअरचं पाणी तर जनावरंही तोंड वाकडं करून पितात. दुकानदारानं समुद्री मिठाची पाकिटं घ्यायला सांगितलं, तर साडू म्हणाले, "मीठ इकत? आमच्या रानात देवानं फुकाट कालवून ठिवलंय." ड्रम भरभरून पाणी आणलं, चाखलं, मलाही चाखवलं. मी म्हणालो, खारट आहे खरं. पाच-सहा नारिंगी मासे पुण्याहून पिशवीतून आले आणि टाकीत सुटले. अक्कांनी धड उजव्या हातानं टाळी वाजवायचा प्रयत्न केला. त्यांना तसं हसताना मी फार दिवसांनी पाहत होतो.

संध्याकाळपर्यंत सगळे मासे उलटे तरंगत होते. ते पाणी म्हणजे आपल्या रानातली खतं आणि क्षार, त्यात समुद्र कुठला. अक्कांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. साडूंनी मासे एकेक करून ओंजळीतून नेले आणि परसातल्या लिंबाखाली पुरले.

मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली, पण आता दुकानदाराचा शब्द प्रमाण. फिल्टरचं पाणी, पाकिटातलं मीठ, छिद्राछिद्राचे दगड, आणि लाट हलवणारा छोटा पंप. पंपाला इन्व्हर्टर, वीज गेली की आम्ही सगळे अंधारात आणि समुद्र चालू. पण दुकानदारानं सांगितलं होतं की दगडांत जीव धरून पाणी मुरायला काही आठवडे लागतात, तोवर मासा सोडायचा नाही. त्यामुळं टाकीत नुसतं पाणी. इकडं अक्का दिवसेंदिवस खंगत चाललेल्या. आमची ही एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "दाजी, एक तरी सोडा वो. अक्का कुठवर वाट बघंल?"

साडू म्हणाले, "परत तिच्या डोळ्यांम्होरं मरताना दावू?"

खाटेवरून अक्कांचा जड आवाज आला. आजारपणापासून त्यांचं एकेक वाक्य सावकाश यायचं. "मासं नगंत. पाणी हलतंय की. एवढंच बास हाय मला."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. दुपारची वेळ होती, तोंड टाकीकडं होतं. "एवढंच बास" हे त्या मनापासून म्हणाल्या की नवऱ्याचा जीव हलका व्हावा म्हणून, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. ही म्हणते, अक्का तशीच होती, दुसऱ्यासाठी बोलायची. मला वाटतं, दोन्ही खरं असावं.

दहावं-तेरावं उरकल्यावर दुकानदाराचा फोन आला, टाकी आता तयार झाली असेल, मासे न्यायला या. साडू गेले नाहीत. टाकी अजून चालू आहे, रिकामी. नवा माणूस हमखास विचारतो, "ह्यात मासं कुठं हायती?" आणि साडू म्हणतात, "नगंत तिला."

परवा गेलो तर ते अक्कांच्या खाटेवर बसून होते. उठले, टाकीत बोट बुडवलं, चाखलं, मलाही चाखायला लावलं.

"पाव्हणं, समुद्राचं असंच असतंय ना?"

"अगदी असंच," मी म्हणालो. अलिबागला मी पाणी चाखलं नव्हतं. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "साडूभाऊ, आता तरी चला. उद्या गाडी काढतो, गुहागरला जाऊ. डोळ्यांनी बघा एकदा."

त्यांनी ओलं बोट सदऱ्याला पुसलं. मग कालव्यावरच्याच जुन्या सवयीनं म्हणाले, "जाऊ की. एवढं आवर्तन संपू द्या."