देवकाबाईंची उठायची खुर्ची

अल्लीपुरात सांगतात की अण्णाजी सुतारानं ज्याचं बसल्या जागी दोरीनं माप घेतलं, तो माणूस वर्षाच्या आत गेलाच समजा. सांगणारा आवाज बारीक करतो, भुवया वर नेतो, आणि "मी नाई म्हणत, लोकं म्हणते" म्हणून मोकळा होतो.

खरं एवढंच, की अण्णाजी मापाच्या खुर्च्या करतात, आणि मापाची खुर्ची मागायला येतो तोच मुळी कंबर-गुडघे कामातून गेलेला. आजवर अकरा खुर्च्या झाल्या. दोघं गेले. एक नव्वदीचे होते, दुसरे मोटरसायकलवरून पडले. बाकीचे नऊ अजून त्याच खुर्च्यांत बसून ही अफवा पुढे सांगतात.

"माह्या दोरीत एवढी ताकद असती," अण्णाजी म्हणतात, मान डावीकडे पाडून, ओठांत खिळे धरून, "त पयले मच्छरं नसते मोजले काय मी?"

पण या अफवेनं देवकाबाईंचा खोळंबा केला. आमच्या शेजारच्या या निवृत्त शिक्षिका. अण्णाजींना चौथीत पाढे त्यांनीच शिकवले. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाईंना खुर्चीतून एकटीनं उठता येत नव्हतं. सून चारुताकाकू सकाळी हिंगणघाटला कचेरीत जायच्या, त्या थेट संध्याकाळी यायच्या. "मला उठवा" असं दुसऱ्या कुणाला म्हणणं बाईंच्या बाण्यात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी तोड काढली होती: सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, म्हणजे न्हाणीकडे जायला उठायलाच नको. कॉलेजातून आल्यावर मी ग्लास घेऊन गेले की म्हणायच्या, "ठेव तिथं, घेते." ग्लास तसाच भरलेला.

मी हे अण्णाजींच्या कानावर घातलं. ते त्याच संध्याकाळी दोरी घेऊन निघाले, तर चारुताकाकू दारातच उभ्या.

"अण्णाजी, चहा घ्या, पोहे घ्या, पण दोरी खिशातच राहू द्या. मी मानत नाई हो असलं काही. पण उगाच कशाले?"

आतून बाई कडाडल्या, "चारुता, मी तीस वर्षं विज्ञान शिकवलंय!"

काकू दारातून हलल्या नाहीत. अण्णाजी चहा घेऊन आपल्या कामाच्या जागी परत आले; मागोमाग मी.

"तशी बी बाई मापाच्या वक्ती खोटीच बसली असती," ते मला म्हणाले. "दोरी पाह्यली का माणूस फोटोले बसल्यावानी ताठ होते. तू गावभराच्या नकला करते ना पोट्टे? मंग हो बाई."

त्यांनी विटांच्या थरावर सरकीचं अर्धं भरलेलं पोतं टाकलं. मी बाई होऊन बसले: सगळा भार डाव्या बाजूला, उजवा पाय जरा पुढे, हनुवटी वर. उठल्यावर सरकीत पडलेल्या खळग्यावर अण्णाजी डोळे मिटून हात फिरवत राहिले. डावीकडे खोल, उजवीकडे उथळ. पाठीशी फळी लावली, कलती केली, काढली. खाली अर्धी वीट घातली. "बस आता. अन् बोल."

"अण्णा, सतरा चोक?" मी बाईंच्या आवाजात विचारलं.

"अडुसष्ट, बाई!" त्यांच्या हातातली फळीच सुटली. मग स्वतःशीच हसले. "ऊठ आता."

मी टुणकन उठले.

"हे तू उठली. बाई कशी उठते?"

बाईंचं बोलणं, बसणं, रागावणं सगळं माझ्या अंगात होतं, उठणं तेवढं मी कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू आल्यावर मुद्दाम जाऊन बसले. बाई आधी पुढे सरकल्या. दोन्ही पाय खुर्चीखाली ओढायला गेल्या, तर टाचा पुढच्या आडव्या पट्टीवर आपटल्या. आणि हात? खुर्चीचा हात जिथं संपतो त्याच्याही पुढे, हवेत काहीतरी शोधत होता.

अण्णाजींनी हे माझ्याकडून सहा वेळा करून घेतलं.

"आतालोक बसायच्याच खुर्च्या केल्या मी," ते हळूच म्हणाले. "हे उठायची करा लागते."

नव्या खुर्चीत पुढची पट्टी त्यांनी मागे नेली. खुर्चीचे हात बैठकीच्या पुढे चार बोटं काढले, टोकं मुठीत मावतील अशी गोल केली. बैठक दोन बोटं उंच. बैठकीची नवार पट्टी डावीकडे तंग विणली, म्हणजे तिकडचं अंग खचणार नाही.

रविवारी, काकू घरी असताना, खुर्ची आली; दोरी लागलीच नव्हती, म्हणून त्यांनीही अडवलं नाही. मी म्हटलं, "अण्णाजी, लावा पैज. पहिल्या खेपेला बाई एकट्या उठणार नाहीत."

"हरली त? माह्या मांगं माही नक्कल करते म्हणे तू. माह्यासमोर करजो."

बाई बसल्या. काकूंनी हात पुढे केला.

"हात मांगं घ्या, सूनबाई," अण्णाजी म्हणाले.

बाई पुढे सरकल्या. पाय खाली गेले, काही आपटलं नाही. मुठींनी टोकं धरली. एक हुंकार, आणि बाई उभ्या! त्या काठी घेऊन न्हाणीकडे गेल्या. आम्ही तिघं दाराकडे बघत राहिलो. परत आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी आण गं." दोन ग्लास, एका दमात. काकू गॅस बघायला म्हणून आत गेल्या; गॅस बंदच होता.

"हं," बाई तोंड पुसत म्हणाल्या, "पैज कोण हरलं?"

मी मान डावीकडे पाडली, ओठांत खिळे धरल्यासारखं केलं आणि मच्छरांपासून सुरुवात केली. अण्णाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माही मान एवढी वाकडी हाय काय वो, बाई?"

"हिनं कमीच दाखवली," बाई म्हणाल्या.